जिजाजींच्या मशिनीतली नदी

आमच्या जिजाजींइतका यंत्रावर जीव लावणारा माणूस ग्वाल्हेरात दुसरा झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर तो आधी जयेंद्रगंजात जिजाजींकडे येईल, चहा पिईल, आपली चूक झाली म्हणेल आणि परत जाईल. हे सांगतोय कोण, तर मी, ज्याला टॉर्चमध्ये सेल घालताना दर वेळी बायकोला विचारावं लागतं. शाळेशी माझं कधी पटलं नाही. आठवीत मास्तरांनी मला वर्गातून घरी पाठवलं. मला वाटलं काहीतरी आणायला पाठवलंय. घरी पोचेपर्यंत काय आणायचं तेच विसरलो, म्हणून परत गेलो नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात लोकांच्या कूलरमध्ये खस, म्हणजे आपला वाळा, भरतो आणि हिवाळ्यात रजया भरतो. मतलब, वर्षभर मी कशात ना कशात काहीतरी भरत असतो, एक स्वतःचं डोकं सोडून. अशा माणसाने काँप्युटरवर बोलू नये हे मला कळतं. पण मी काँप्युटरवर कुठे बोलतोय, मी जिजाजींवर बोलतोय. आता काँप्युटर कुठे संपतो आणि जिजाजी कुठे सुरू होतात, हे अक्कालाही लग्नाला इतकी वर्षं होऊन नक्की सांगता येत नाही, तर माझं काय घेऊन बसलात.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकच खोली आहे, तिला अक्का सवतीची खोली म्हणते. त्या खोलीत पोटं उघडी टाकलेल्या मशिनी आहेत, वायरींच्या जुड्या आहेत, आणि जिजाजी आहेत. दुपारी ते पडदा ओढून बसतात. पडद्याला एक भोक आहे, त्यातून उन्हाची बारीक काडी आत येते, तिच्यात धुळीचे कण असे सावकाश तरंगत असतात की त्यांना कुठे जायचंच नाहीये. चारी बाजूंनी छोट्या छोट्या पंख्यांची घूं घूं चाललेली असते. वाटतं आपण एका मोठ्या भुंग्याच्या पोटात बसलोय आणि भुंगा झोपलाय. मी तिथे जातो ते काँप्युटर शिकायला जातो असं घरी सांगतो, आणि भिंतीला टेकून जी झोप काढतो तशी झोप मला कुठेच लागत नाही. जिजाजी उठवत नाहीत. उलट पंखा जरा कमी करतात. म्हणतात, "झोपू दे. मशिनीच्या आवाजात ज्याला झोप लागते तो मनाने चांगला असतो."

पंख्याचं तर विचारू नका. आमच्या गावात गल्लोगल्ली गाणारे. सकाळी कोणाकडे तानपुरा लागतो, कोणाकडे हार्मोनियम. जिजाजी पंखे लावतात. मशिनीच्या पोटाला कान लावतात, डोळे मिटतात, आणि म्हणतात, "मागचा उतरलाय." मग स्क्रू ढिला करायचा, रबराचा तुकडा सरकवायचा, परत कान. मला म्हणाले, "आता ऐक, काय फरक वाटतो?" मी कान लावला. फरक काहीच नव्हता. पण मान अशी डोलावली की अक्काने खालून बघितलं असतं तर दोन आणे फेकले असते. जिजाजींना इतका आनंद झाला की त्यांनी मला परत पहिल्यापासून सगळं ऐकवलं. खोट्याची शिक्षा देव असा लगेच देतो.

रिटायर होण्याआधी जिजाजी पाण्याच्या खात्यात नकाशे काढायचे. तेव्हा सगळं हाताने असायचं. म्हणतात की ते पट्टी न लावता रेघ ओढायचे, मग साहेब पट्टी लावून तपासायचे आणि वाकडी पट्टी निघायची. शहरातली पाण्याची प्रत्येक नळी त्यांच्या हाताखालून गेलेली. म्हणून ते कोणतीही गोष्ट घरातल्या पाण्यासारखी समजावून सांगतात. मेमरी म्हणजे काय? "अक्काचा ओटा. जितका मोठा, तितकी भांडी एका वेळी मांडता येतात." हार्ड डिस्क? "कोठीघर. सामान पुष्कळ, पण आणायला उठून जावं लागतं." आणि प्रोसेसर? तेव्हा ते आवाज खाली आणतात. "प्रोसेसर म्हणजे तापट माणूस. काम सगळ्यांत जास्त करणार, पण डोक्यावर कायम कोणीतरी वारा घालत बसलं पाहिजे." लॅपटॉप त्यांना मंजूर नाही. चिकटवून बंद केलेली वस्तू त्यांच्या मते वस्तूच नाही, कारण उघडून बघता येत नाही ती तुमची कशी? आजकालच्या मशिनीत लाल-निळे दिवे लुकलुकतात, ते बघून म्हणतात, "वरात आली. नवरदेव कुठाय?"

वारा घालण्यावरून आठवलं. एका वर्षी भर जेठात मशीन तापून तापून बंद पडायला लागली. मी माझ्या धंद्यातली अक्कल लावली. म्हटलं, "जिजाजी, पुढे खस लावू का?" दुसरा कोणी हसला असता. जिजाजी इतके मोठ्या मनाचे की मूर्ख सल्लाही दोन्ही हातांनी घेतात. आम्ही मशिनीच्या तोंडाला खसाची जाळी बांधली, वरून थेंब थेंब पाणी. अहाहा. खोलीत असा वास सुटला जसं अत्तराचं दुकान. मी झोपलो ते संध्याकाळीच उठलो. मशिनीला मात्र सर्दी झाली. तिचा पडदा आधी हिरवा झाला, मग पिवळा, मग त्यावर मुंग्या नाचल्या, मग काहीच नाही. मी चपला शोधायला लागलो. जिजाजी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "सालेसाहेब, कल्पना चांगली होती. जीव घेणारी होती, पण चांगली होती."

आणि गेम! आता ह्या वयात माणूस गेम खेळतो म्हटलं की लोक हसतात. पण जिजाजी खेळतात कुठे, ते फिरायला जातात. लढाईचा गेम लावतील, देशभरातली पोरं कानाला यंत्रं लावून एकत्र लढतायत, कोणी इंदौरचा, कोणी पटण्याचा, गोळ्या सुटतायत, आणि आमचे जिजाजी एका भिंतीपाशी उभे. तिकडून पोरं ओरडतात, "अंकल, पीछे है! पीछे!" जिजाजी शांतपणे म्हणतात, "रुको बेटा, जरा ये छज्जा देखने दो. किसने बनाया होगा, क्या हाथ है!" तेवढ्यात मागून कोणीतरी येऊन जिजाजींना मारतो. मेल्यावरही ते पडल्या पडल्या आभाळ बघतात. एक पोरगं त्यांना चिडून म्हणालं, "अंकल, आप खेलने आते हो कि टूर पे?" जिजाजी म्हणाले, "बेटा, हमारे यहां असली किला है, रोज़ खिड़की से दिखता है. उस पर कोई गोली चलाता है क्या? देखते हैं." आणि मला बाजूला होऊन म्हणाले, "बघ, एवढा बुरुज उभा केलाय, पण पाणी जायला वाट कुठे ठेवलीये? जोराचा पाऊस आला तर सगळी फौज वाहून जाईल." त्यांना खरंच काळजी वाटत होती. दुसऱ्या दिवशी परत गेले, पाण्याची वाट सापडते का बघायला, आणि परत मेले.

मलाही त्यांनी खेळायला बसवलं होतं. माझा माणूस भिंतीला नाक लावून चालत राहतो. पुढे जात नाही, वळत नाही, पाय मात्र चालू. जिजाजी म्हणाले, "वळव त्याला." मी म्हटलं, "जिजाजी, ह्याला बघून मला घरच्यासारखं वाटतंय, राहू द्या."

पण त्यांच्या मनातला गेम एकच, नदीचा. त्यात लढाई नाही, शत्रू नाही. एक नदी आहे, धुकं आहे, पलीकडे झाडं आणि झोपड्या, आणि तुम्ही काठाकाठाने चालत जायचं. बस. कुठे पोचायचं, तर कुठेच नाही. पण त्यातलं पाणी असं बनवलंय म्हणे की खऱ्या पाण्याला कॉम्प्लेक्स यावा. जिजाजींच्या जुन्या मशिनीवर ती नदी गचके खात वाहायची, मुरारच्या टेम्पोसारखी. जरा पुढे, मग थांबली, मग एकदम पुढे. जिजाजी लगेच बंद करायचे. "नदी थांबत थांबत वाहत नाही," म्हणायचे. "असं तिला बघणं बरं नाही." एकदा, खिडकीच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या काडीकडे बघत, ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपल्या शहराच्या मधून नदी जायची. नोकरीला लागलो तेव्हा नकाशावर मीच लिहिलं होतं, नदी. काही वर्षांनी साहेब म्हणाले, खोडा, नाला लिहा. खोडलं, लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं, सालेसाहेब, नाला. सगळे म्हणाले काय अक्षर आहे."

मग त्यांनी ठरवलं की नदी धड वाहील अशी मशीन आपण स्वतः जोडायची. एकदम नाही. दर दसऱ्याला एक वस्तू. गावातले लोक शमीची पानं सोनं म्हणून वाटत फिरायचे आणि जिजाजी पार्सल उराशी धरून जिना चढायचे. आधी रिकामा डबा आला, मग त्याला वीज देणारी पेटी, मग एकेक. सगळं कपाटावर रांगेत, न फोडलेलं. दुपारी ते खुर्चीत रेलून त्या खोक्यांकडे बघत बसायचे आणि मनातल्या मनात मशीन जोडायचे. मला कळायचं, कारण त्यांची बोटं मांडीवर हलायची. चिमटीत धरल्यासारखी, स्क्रू फिरवल्यासारखी. कधी मध्येच थांबून म्हणायचे, "नाही नाही, ती वायर मागून." मी डोळे न उघडता म्हणायचो, "मागूनच बरी." अशी ती मशीन आम्ही दोघांनी हवेत कितीतरी वेळा जोडली. माझ्या हातून काही न मोडलेली ती एकच मशीन.

मग एका दसऱ्याला प्रोसेसर आला. शेवटची वस्तू. आता जोडायचंच बाकी. मला वाटलं उद्याच बसतील. नाही बसले. म्हणाले, थंडीत बोटं आखडतात. थंडी गेली, तर म्हणाले, उन्हाळ्याची लू सुरू झाली, धूळ फार. पाऊस आला, तर हवा दमट. त्यानंतर म्हणाले, पितृपक्षात नवी मशीन नको. हे ऐकून मी दचकलो. ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात भटजींना मुहूर्ताचं घड्याळ मागे आहे म्हणून सांगितलं होतं, तो पितृपक्ष पाळायला लागला? मी खाली येऊन अक्काला म्हटलं, "अक्का, जिजाजी घाबरलेत का? की वस्तू जुनी व्हायची वाट बघतायत?"

अक्का मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "खुळ्या, एवढा वर जाऊन लोळतोस, तुला दिसलं नाही? बशीतून चहा पितात का आता?"

मी आठवून बघितलं. नव्हते पीत. कपही अर्धाच भरायला सांगायचे.

"हात कापतो त्यांचा," अक्का म्हणाली. "उजवा. डॉक्टर म्हणाले गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. मला पण सांगितलं नव्हतं, मी औषधाच्या दुकानदाराकडून काढून घेतलं."

मी म्हटलं, "मग बाड्यावरच्या बाजारात, दुकानात देऊ ना. तिथली पोरं बसल्या बसल्या जोडून देतात."

"मी म्हटलं तसं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि मग काय म्हणाले माहितीये? दसऱ्यापर्यंत होत नसेल तर विकून टाकू सगळं. खोकी फोडलेली नाहीत, कोणीही घेईल." तिने मटाराची एक शेंग उगाच परत परत उघडून बघितली. "ते विकतील रे. एकदा बोलले की करतात. आणि मग वर जाऊन काय करतील?"

वर पंख्यांची घूं घूं चालू होती. आम्ही दोघं ऐकत बसलो.

"तू जा," अक्का म्हणाली. "तू त्यांचे हात हो."

"मी? अक्का, मी स्वतःच्या शर्टाचं बटण लावतो तर एक खाली जातं!"

"म्हणूनच तू. दुसऱ्या कोणापुढे हात पुढे करायची त्यांना लाज वाटेल. तुझ्यापुढे कोणाला लाज वाटत नाही."

माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं आयुष्यात बोललं नव्हतं. ते चांगलं होतं की नाही, ह्याचा मी अजून विचार करतोय.

मी वर गेलो आणि म्हटलं, "जिजाजी, मला मशीन जोडायला शिकायचंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलंय मला बाळंतपण करायला शिकायचंय. मग जिन्याकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे, तो त्यांनी मांडीखाली सारला होता. म्हणाले, "अक्काने पाठवलं?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "खोटं बोलताना तुझे कान हलतात." मग म्हणाले, "दसऱ्याला बघू."

आता आमच्या ह्या घराण्यांची एक गोष्ट सांगतो. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. तलवारी गेल्या, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा अजून कोणी सोडली नाही. ज्याचं जे हत्यार, ते पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारांनाही सुट्टी लागते. माझ्या घरी रजईची सुई आणि कापूस पिंजायचं धनुकलं बसतं. अक्काकडे एक गंजकी कट्यार आणि जिजाजींचे सगळे स्क्रूड्रायव्हर, पकडी, चिमटे. त्या वर्षी अक्का म्हणाली, नवी मशीनही पाटावर बसू दे. जिजाजींनी खोकी फोडली, मुख्य पाटी, जिच्यात सगळं बसतं ती हिरवी-काळी, हलकेच पाटावर ठेवली आणि आंघोळीला गेले. जाताना मला म्हणाले, "पूजा तू कर. हात लावू नकोस."

आता पूजा करायची आणि हात लावायचा नाही, हे कसं जमायचं? मी मनापासून करायला बसलो. स्क्रूड्रायव्हरला कुंकू लावलं, कट्यारीला लावलं, पाटीपाशी आलो. तिच्या मधोमध एक काळी टोपी होती. मी विचार केला, देवाच्या तोंडावर झाकण ठेवून पूजा करतात का? अंगठ्याने दाबलं तर ती टप करून उडाली. आत बघितलं. नखाएवढ्या जागेत सोन्याच्या काड्याच काड्या, इतक्या बारीक, एका बाजूला कललेल्या, जशी वाऱ्यात गव्हाची रोपं. मला खरंच वाटलं हेच देवाचं ठिकाण. मी डोळे मिटले, हात जोडले आणि तिथे चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, आणि वरून अक्षता वाहिल्या. नीट बसाव्यात म्हणून त्यातली एक बोटाने दाबली.

जिजाजी टॉवेलाने डोकं पुसत आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

मी डोळे उघडले. "छान झाली ना?"

ते पाटापाशी वाकले. त्या सोन्याच्या शेतात माझा तांदळाचा दाणा नांगर फिरवल्यासारखा पडला होता. अक्का नैवेद्य घेऊन आली, तिने जिजाजींचं तोंड बघितलं, माझं बघितलं, आणि वाटी खाली ठेवली. "काय केलंस?"

"पूजा," मी म्हटलं.

"ही जागा प्रोसेसरची," जिजाजी सावकाश म्हणाले. "काड्या वाकल्यात." त्यांचा हात चिमट्याकडे गेला, तशी अक्का म्हणाली, "अहो, आज नाही. हत्यारं बसलीयेत." हात तिथेच थांबला. थांबला, पण स्थिर नव्हता. आम्ही तिघांनीही बघितला, आणि तिघांनीही दुसरीकडे बघितलं. जिजाजींनी तो हात हळूच टॉवेलात गुंडाळला, जसं काही तो ओला होता. म्हणाले, "राहू दे आता. उद्या दुकानदाराला फोन करतो. वाकलेली पाटी कोणी घेणार नाही, बाकीचं घेतील."

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, "आता काय मोडून आलात?" मी म्हटलं, "माहीत नाही, पण सोन्याचं होतं."

दसऱ्याला सकाळी सकाळी पोचलो. अक्काने पूजा करून हत्यारं उठवली होती. जिजाजी वर खुर्चीत होते, फोन हातात, लावलेला नव्हता. मी समोर जाऊन जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "जिजाजी, मोडलंय तर मीच सरळ करतो. तुम्ही सांगा. माझ्याने आणखी बिघडलं तरी बिघडायला आता आहे काय?"

त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. मग फोन ठेवला. "हात धुतलेस?"

"हो."

"साबणाने?"

"आता धुतो."

त्यांनी पाटी खिडकीपाशी उजेडात ठेवली, मोठं भिंग माझ्यापुढे उभं केलं. आधी कुंकू. मऊ ब्रश, स्पिरिट, तोंडाने फुंकायचं नाही, रबराच्या फुग्याने. सोन्याच्या रोपांमधून लाल धूळ उडाली तेव्हा मला शेजारच्या गावातली होळी दिसल्यासारखं झालं. मग दाणा उचलला. मग सुई.

"श्वास सोडताना हलवायचं," जिजाजी म्हणाले.

"मी श्वास घेतच नाहीये."

"तो घे. तू मेलास तर अक्का मला विचारेल."

एक काडी उभी राहिली. मग दुसरी. ते माझ्या खांद्यामागे उभे राहून सांगत होते, "डावी. तिच्या मागची. उचलू नकोस, समजूत घाल तिची." माझ्या कपाळावरून घाम भिंगावर पडला. मध्येच माझाच हात असा थरथरायला लागला की सुई दिसेना. मी म्हटलं, "जिजाजी, हात कापतोय." ते म्हणाले, "माझाही."

हे पहिल्यांदाच ते स्वतःच्या तोंडाने बोलले. मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर ते शब्द परत आत गेले असते.

"कोणाला कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"अक्काला, मला आणि औषधवाल्याला."

"म्हणजे गावाला."

"गावाला नाही. मला आठवत कुठे राहतं?"

ते हसले. हसता हसता त्यांनी आपला तो उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला, झाकून न घेता, उघडा. म्हणाले, "चल. शेवटची ओळ."

शेवटच्या ओळीत कोपऱ्यातली एक काडी मोडली. टक्. एवढासा आवाज, पण मला वाटलं किल्ल्यापर्यंत गेला. मी सुई खाली ठेवली. जिजाजींनी भिंगातून बघितलं, डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "बघू," म्हणाले. "कोणाचं काम अडतं ते कळेल."

मग दुपारभर जोडणी. ते बोलायचे आणि मी करायचो. प्रोसेसर ठेवताना म्हणाले, "दाबू नकोस, तो आपण होऊन बसतो." खरंच बसला. स्क्रू मी उलटा फिरवायचो, ते शांतपणे म्हणायचे, "सालेसाहेब, उलट." वायरी मागून नेल्या, कारण त्या मागूनच बऱ्या. अक्का दोनदा चहा घेऊन आली आणि दुसऱ्यांदा गेलीच नाही, दाराशी वेताचा मोडा टाकून बसली. त्या खोलीत ती अशी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

बटण मीच दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. आणखी काळा. मी चपलांकडे बघायला लागलो. आणि मग त्यावर पांढरी अक्षरं आली. जिजाजी पुढे वाकून वाचायला लागले. "अर्धी मेमरी दिसत नाहीये तिला," म्हणाले. "ती मोडलेली काडी तिची होती."

मी म्हटलं, "मतलब, अर्धा ओटा गेला."

"अर्धा आहे ना," दारातून अक्का म्हणाली. "माझा पहिल्यापासून अर्धाच आहे. उरलेल्या अर्ध्यावर तुमचे डबे असतात."

नदी लागली तेव्हा ऊन कललं होतं. आधी धुकं आलं, मग धुक्यातून पाण्याचा आवाज, मग पाणी. मी माऊस धरला होता, कारण जिजाजींनी धरला की पडद्यावरची सगळी नदी डुगडुगायची. ते सांगत होते, "उजवीकडे. हळू. इथे थांब." पाणी वाहत होतं. सलग, न अडखळता, एका दगडाला वळसा घालून, पलीकडच्या झाडांच्या सावल्या अंगावर घेऊन. अक्का मोडा घेऊन आत सरकली. बाहेर गल्लीत पोरं सोनं वाटत ओरडत होती, तो आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखा वाटत होता.

आता मी दर रविवारी जातो. घरी सांगतो, काँप्युटर शिकायला जातो, आणि बायको हसते, पण ह्या वेळी खरंच शिकतो, थोडं. काठाने बरंच लांब गेलोय आम्ही, अजून नदी संपत नाही. जिजाजींचा हात काही बरा झालेला नाही, गोळ्या चालू आहेत. ते माझ्या बाजूला बसतात, नदीकडे बघत, आणि उजवा हात मशिनीच्या टपावर ठेवतात. आत पंखे फिरत असतात, जुन्या मशिनीतून काढून बसवलेली हार्ड डिस्क कुरकुरत असते, टपाचा पत्रा गरम असतो आणि बारीक थरथरत असतो. हात तिथे ठेवला की कोण थरथरतंय ते कळत नाही. ते पण बघत नाहीत, मी पण बघत नाही. ते म्हणतात, "चल पुढे," आणि मी चालतो.